सल्ला हवा: एकाच प्रॉक्समॉक्स क्लस्टरवरील व्हीएम एकमेकींपासून वेगळ्या कशा ठेवाव्यात?

वारणाकाठ (सांगली जिल्हा)

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याचा संगणक विभाग मी सांभाळतो. आमच्याकडे एकत्र जोडलेल्या दोन सर्व्हरवर (क्लस्टरवर) प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) आहे आणि शेतकी विभागाची ऊस नोंद, वजनकाटा, हिशेब, पगार व हजेरी, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती व लॉगिन सांभाळणारा सर्व्हर), कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग ही सगळी कामे त्यावरच्या निरनिराळ्या व्हीएमवर चालतात. या सगळ्या व्हीएम एकाच ब्रिजवर (आभासी स्विचवर) आणि एकाच आयपी पट्ट्यात (नेटवर्क पत्त्यांच्या गटात) आहेत. कार्यालयातील संगणकही त्याच पट्ट्यात आहेत. इंटरनेटच्या तोंडाशी चांगल्या प्रतीची फायरवॉल आहे. मात्र एखाद्या लिपिकाच्या संगणकावरून हल्लेखोर एकदा आत आला, तर एका व्हीएमवरून दुसरीवर जाताना त्याला अडवणारे काहीही नाही, असा शेरा या वर्षीच्या तपासणीत आला आणि तो मला पूर्णपणे पटला.

अडचण अशी आहे की वजनकाट्याचे सॉफ्टवेअर जुने असून ते विंडोज 7 वरच चालते, आणि त्या विंडोजचा सर्वसाधारण आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला. हंगामात काटा थांबला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते, गव्हाणीत ऊस पडत नाही, आणि तोडलेला ऊस जितका वेळ उभा राहील तितका उतारा घटतो. शिवाय एफआरपीची (उसाच्या किमान दराची) रक्कम 14 दिवसांत द्यावी लागत असल्याने वजनाच्या नोंदी गेल्या तर सभासदांची बिलेच अडकतील. सध्या ओव्हरहॉलिंग सुरू आहे, म्हणून गाळप सुरू होण्याआधी हे काम उरकावे अशी माझी इच्छा आहे. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी वेगळे भाग) पुरेसे आहेत का, की प्रत्येक व्हीएमवर वेगळे नियम लावावेत, आणि सुरुवात कोठून करावी? नवीन महागड्या लायसन्सला संचालक मंडळाची मंजुरी मिळेल असे वाटत नाही.

कुपवाड एमआयडीसी

नमस्कार. आधी मुळातली गोष्ट सांगतो, कारण बाकीचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. एकाच सर्व्हरवरच्या, एकाच ब्रिजला जोडलेल्या दोन व्हीएम एकमेकींशी बोलतात तेव्हा ती पॅकेट्स (माहितीचे तुकडे) त्या सर्व्हरच्या बाहेर पडतच नाहीत. त्यामुळे दाराशी असलेली फायरवॉल कितीही भारी असली तरी तिला हा व्यवहार दिसत नाही, आणि बाहेरच्या स्विचवर लावलेली ॲक्सेस लिस्टही (परवानग्यांची यादीही) तेथे कामाला येत नाही. व्हीलॅन केले की एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणारी वाहतूक फायरवॉलकडून वळवता येते व तपासता येते. पण एकाच व्हीलॅनमधील व्हीएम एकमेकींना पूर्वीसारख्याच उघड्या राहतात. म्हणून व्हीलॅन मोजकेच ठेवावेत आणि बारीक नियम प्रत्येक व्हीएमच्या नेटवर्क कार्डाशीच लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रॉक्समॉक्सची स्वतःची फायरवॉल हेच काम करते आणि तिला वेगळे पैसे लागत नाहीत. इतर अशाच प्रणालींत, म्हणजे व्हीएमवेअरमध्ये एनएसएक्सची डिस्ट्रिब्युटेड फायरवॉल आणि हायपर-व्हीमध्ये एक्स्टेंडेड पोर्ट एसीएल यांचे तत्त्व तेच आहे, त्यामुळे उद्या प्लॅटफॉर्म बदलला तरी आज केलेली आखणी वाया जाणार नाही.

सुरुवात मात्र व्हीएमपासून न करता प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या व्यवस्थापनापासून करावी. वेब इंटरफेसचे 8006 हे पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) आणि एसएसएचचे (दुरून आज्ञा देण्याच्या सोयीचे) 22 हे पोर्ट आज कार्यालयातल्या कोणत्याही संगणकावरून उघडत असणार. ज्याच्या हाती हे गेले त्याला व्हीएमच्या आतल्या नियमांची पर्वा करण्याचे कारणच उरत नाही, कारण तो अख्ख्या व्हीएमची डिस्क पुसू शकतो. व्यवस्थापनासाठी स्वतंत्र व्हीलॅन करावा, त्यात फक्त दोन्ही सर्व्हर आणि आपला एक ठरलेला संगणक असावा. दोन सर्व्हरमधील कोरोसिंकची (क्लस्टर जुळवून ठेवणाऱ्या सेवेची) वाहतूकही शक्यतो वेगळ्या कार्डावर न्यावी.

त्यानंतर बॅकअप. खंडणीखोर सॉफ्टवेअर चालवणारे लोक आधी बॅकअप शोधून नष्ट करतात आणि मगच फाइल्स कुलूपबंद करतात. बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये अजिबात घेऊ नये. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वापरत असाल तर त्याचे 8007 हे पोर्ट फक्त दोन्ही सर्व्हरना उघडे ठेवावे, आणि त्यांना दिलेल्या टोकनला (प्रवेशाच्या किल्लीला) केवळ बॅकअप घेण्याचा अधिकार असावा, जुने बॅकअप काढून टाकण्याचा नसावा. 2019 च्या महापुरानंतर ज्यांनी सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवले, त्यांनीसुद्धा बॅकअपचा डबा त्याच कपाटात, त्याच पट्ट्यात ठेवलेला मी पाहिला आहे. पाण्यापासून तो वाचेल, पण नेटवर्कमधून येणाऱ्या माणसापासून वाचणार नाही.

हे दोन्ही झाल्यावर व्हीएमकडे वळावे. व्हीएम ते व्हीएम एसएमबीचे (फाइल वाटपाचे) 445, आरडीपीचे (दुरून स्क्रीन वापरण्याचे) 3389, आरपीसीचे (दुरून प्रोग्राम चालवण्याचे) 135, विनआरएमचे (दुरून व्यवस्थापनाचे) 5985 व 5986 आणि एसएसएचचे 22 ही पोर्ट बंद केली, तर हल्लेखोराच्या नेहमीच्या बहुतेक वाटा बंद होतात. पगाराच्या व्हीएमला कॅमेऱ्यांच्या व्हीएमवर आरडीपी करण्याचे काहीही कारण नसते. यासाठी एक सिक्युरिटी ग्रुप (नियमांचा संच) तयार करून तो सर्व व्हीएमना लावावा, म्हणजे नियम एकाच जागी बदलता येतात.

एक सावधगिरी कळकळीने सांगतो. फायरवॉल डेटासेंटर पातळीवर (अख्ख्या क्लस्टरसाठी) सुरू करावी लागते, मग त्या व्हीएमच्या पर्यायांत, आणि शिवाय प्रत्येक नेटवर्क कार्डावर फायरवॉलची खूण असावी लागते. यांपैकी एक जरी राहिले तरी नियम कागदावर सुंदर दिसतात आणि वाहतूक मात्र बिनदिक्कत चालू राहते. उलट, डेटासेंटर पातळीवर ती सुरू करताच दोन्ही सर्व्हरकडे येणारी वाहतूक अडवली जाते. स्थानिक नेटवर्कमधून 8006 आणि 22 तेवढे चालू राहतात. आपला संगणक दुसऱ्या पट्ट्यात असेल तर त्याचा आयपी आधी मॅनेजमेंट आयपीसेटमध्ये (व्यवस्थापनाची परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत) घालावा, एक एसएसएच सत्र उघडे ठेवावे आणि मगच ते बटण दाबावे.

संगम माहुली (सातारा)

वरील सल्ला योग्यच आहे, त्यात एका मुद्द्याची भर घालतो. मी नागरी सहकारी बँकांच्या प्रणालींवर काम करतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या 31 डिसेंबर 2019 च्या सायबर सुरक्षा परिपत्रकानंतर आमच्याकडे ही चर्चा सतत होत असते. नेटवर्कची विभागणी आणि पासवर्डची विभागणी एकत्रच करावी लागते.

27 जून 2017 च्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्याचे उदाहरण आपल्याकडचेही आहे, कारण जेएनपीटीमधील (मुंबईजवळच्या बंदरातील) एका टर्मिनलचे कामकाज त्यात विस्कळीत झाले होते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या अशाच सॉफ्टवेअरने वापरलेली एसएमबीमधली उणीव नॉटपेट्यानेही वापरली; पण त्याबरोबरच तो एका संगणकाच्या मेमरीतून प्रशासकाची ओळख चोरून पीएसएक्झेक आणि डब्ल्यूएमआय या दुरून आज्ञा चालवणाऱ्या साधनांच्या मदतीने पुढे सरकत असे. त्यामुळे मार्च 2017 मधील पॅच (उणीव बुजवणारी दुरुस्ती) बसवलेले संगणकही त्यातून सुटले नाहीत.

आपल्या सगळ्या व्हीएम एकाच टेम्पलेटवरून (साच्यावरून) काढलेल्या असतील तर त्यांचा लोकल ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्डही एकच असण्याची दाट शक्यता आहे. विंडोज लॅप्स एप्रिल 2023 च्या अद्ययावतीकरणापासून विंडोजमध्येच मिळते. ते प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देते व ठरावीक काळाने बदलते. विंडोज 7 वर ते चालणार नाही, तेथे पासवर्ड हाताने वेगळा करावा. आणि डोमेन ॲडमिनच्या खात्याने फाइल सर्व्हरवर किंवा लिपिकाच्या संगणकावर कधीही लॉगिन करू नये.

वारणाकाठ (सांगली जिल्हा)

दोघांचेही मनापासून आभार. टेम्पलेटची शंका खरी आहे, सगळ्या व्हीएम एकाच टेम्पलेटच्या आहेत; ते काम या आठवड्यातच हाती घेतो. आता तीन प्रश्न उरतात. डोमेन कंट्रोलरकडे जाणारे 445 बंद केले तर ग्रुप पॉलिसी (सर्व संगणकांना एकत्र लागू होणारी सेटिंग्ज) थांबेल ना? कोणती व्हीएम कोणाशी बोलते याची कोणतीही नोंद आमच्याकडे नाही, ती कशी तयार करावी? आणि वजनकाट्याच्या व्हीएमवर सॉफ्टवेअर पुरवठादार रिमोटने येत असतो, त्याचे काय करावे?

कुपवाड एमआयडीसी

डोमेन कंट्रोलरच्या दिशेने 445 चालू ठेवावेच लागेल, कारण ग्रुप पॉलिसीच्या फाइल्स सिसव्हॉल या त्याच्यावरील सामायिक फोल्डरमधून त्याच पोर्टवर येतात. त्यासोबत डीएनएसचे (नावावरून पत्ता शोधण्याचे) 53, कर्बेरॉसचे (लॉगिन पडताळणीचे) 88, एलडॅपचे (खात्यांच्या यादीचे) 389, वेळेचे 123, तसेच 135 आणि 49152 पासून 65535 पर्यंतची आरपीसीची पोर्ट लागतात. मात्र येथे दिशा महत्त्वाची आहे. फायरवॉल जोडणीची स्थिती लक्षात ठेवते, त्यामुळे व्हीएमने सुरू केलेल्या जोडणीचे उत्तर आपोआप परत येते, आणि डोमेन कंट्रोलरला इतर व्हीएमवर स्वतःहून एसएमबी जोडणी करू देण्याची गरज राहत नाही. डोमेन कंट्रोलरचे पॅच मात्र एक दिवसही रेंगाळू देऊ नयेत, कारण सर्वांना उघडी असलेली एकमेव जागा तीच राहणार आहे.

नोंदीसाठी आधी काहीही अडवू नये. प्रत्येक व्हीएमच्या नियमांच्या शेवटी सर्व काही येऊ देणारा पण त्याची नोंद ठेवणारा नियम टाकावा. प्रॉक्समॉक्समध्ये या नोंदींवर मुळातच सेकंदाला एक अशी मर्यादा असते. निरीक्षणाच्या काळात ती वाढवली नाही तर निम्मी वाहतूक नोंदलीच जाणार नाही आणि यादी पूर्ण झाली असा गैरसमज होईल. पंधरवड्याची बिले, पगार आणि महिनाअखेर हे तिन्ही या काळात येऊन गेले पाहिजेत. ओव्हरहॉलिंगच्या काळात काट्यावर वजन होत नसते, म्हणून एखादी ट्रॉली मुद्दाम काट्यावर घेऊन भरलेले वजन, रिकामे वजन आणि पावतीची छपाई हा सगळा क्रम चालवून पाहावा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपायचे असतात, तेव्हा ते एका वेगळ्या व्हीएमवर साठवण्याची सोय याच वेळी करून घ्यावी.

मिरज वैद्यकीय आयटी

वजनकाट्याच्या प्रश्नावर मी उत्तर देतो, कारण रुग्णालयात जुन्या विंडोजवर चालणारी तपासणी यंत्रे आम्हाला याच पद्धतीने सांभाळावी लागतात.

विंडोज 7 ची व्हीएम स्वतंत्र व्हीलॅनमध्ये एकटी ठेवावी. ती कधीतरी हल्लेखोराच्या हाती पडणारच असे धरून चालावे आणि तिला बाहेर जाण्याची एकही परवानगी देऊ नये. प्रॉक्समॉक्समध्ये बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचे धोरण मुळात मोकळे असते, ते या व्हीएमसाठी आवर्जून बंद करावे. वजनाची माहिती तिने हिशेबाच्या सर्व्हरकडे पाठवण्याऐवजी हिशेबाच्या सर्व्हरने ती तिच्याकडून ओढून घ्यावी. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर असेल तर 1433 हे एकच पोर्ट, तेही त्या एकाच आयपीला. काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारे यंत्र) सीरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरने (नेटवर्कशी जोडणाऱ्या डबीने) जोडलेला असेल तर तो आणि पावतीचा प्रिंटर याच व्हीलॅनमध्ये आणावेत.

पुरवठादाराचे रिमोट सॉफ्टवेअर काट्याच्या व्हीएमवरून काढून टाकावे. त्याच्यासाठी एक लहान, अद्ययावत जंप व्हीएम (मधल्या पायरीची व्हीएम) करावी. त्याने व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) आणि दुहेरी पडताळणीने तेथपर्यंत यावे, आणि फक्त तेथूनच काट्याच्या व्हीएमवर 3389 उघडे असावे. एरवी ही जंप व्हीएम बंदच ठेवावी. हंगामात रात्री दोन वाजता काटा अडला तर ती सुरू करण्याचा अधिकार रात्रपाळीतल्या कोणाकडे असेल, हे नावानिशी लिहून काट्याच्या केबिनमध्ये लावावे. नाहीतर पुरवठादाराने घाईत जुने सॉफ्टवेअर पुन्हा टाकले तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.