स्लॅशर पिक्चरचे पुढचे पार्ट : कुठी पाह्यले, काय आवडलं, कुठी बिघडलं? अनुभव लिहा

राजेहो, मुखवटेवाले, चाकूवाले पिक्चर आन त्यायचे दुसरे-तिसरे-आठवे पार्ट, ह्यावर मनापासून लिहा.

सुरुवात मीच करतो. तुरीत रानडुकरं घुसतात म्हणून मले रात्री वावरात जागलीले जा लागते. तिथं मचाणावर बसून मोबाईलवर १९७८ चा 'हॅलोविन' पाह्यला. तो मायकल मायर्स काहून मारून राह्यला हे कोणी सांगतच नाही, नुसता झुडपाजवळ उभा राह्यते. पिक्चर संपला आन इकडं तुरीत खसखस झाली. टॉर्च हातात होता पण बटन दाबायची हिंमत होईना. शेवटी दाबलं तं डुकरीण आन मांगं चार पिल्लं, डबा वाजवला, पळाले, भीती गेली. दुसऱ्या रात्री १९८१ चा दुसरा पार्ट लावला, त्याच रात्रीची पुढची गोष्ट, रिकामा दवाखाना, लंबे कॉरिडॉर, लय भारी चालला होता, आन मधातच सांगून टाकलं का ज्या पोरीच्या मांगं तो लागला ते लॉरी त्याची सख्खी बहीण आहे. झालं, टॉर्च मारल्यासारखं झालं. २०१८ च्या पार्टमंदी हे नातंच काढून टाकलं, तवा कुठी मले तो पुन्हा पहिल्यासारखा वाटला.

*

दादा, माझं थोडं उलटं आहे. गणपतीत वर्गणी करून टीव्ही आन सीडी प्लेअर भाड्यानं आणत होतो, तवा मोठ्या पोट्ट्यायनं 'फ्रायडे द थर्टीन्थ' लावला. आमी सगळे हॉकीचा मुखवटा घालून मारणाऱ्या जेसनची वाट पाहून राह्यलो, आन १९८० च्या त्या पहिल्या पार्टात मारणारी निघाली जेसनची माय! दुसऱ्यात जेसन आला तं डोक्यावर पोतडी. मुखवटा भेटला तो तिसऱ्या पार्टात, १९८२ मंदी. म्हणून कोणी म्हणलं का पुढचे पार्ट फालतूच असतात तं मले पटत नाही, जगाले जो जेसन माहीत आहे तो पुढच्या पार्टांनीच घडवला ना.

*

चंद्रपूरकडून लिहितेय. दादा म्हणतात तो जेसनचा दुसरा पार्ट मी अर्ध्यात बंद केला होता. पहिल्यात जीव वाचवून निघालेली ॲलिस, तिला पिक्चरचं नाव पडद्यावर यायच्या आतच मारून टाकलं. माझी मावशी मोहफुलं वेचायला गेली असताना वाघाच्या तावडीतून सुटून आली आहे, आजही तिच्या खांद्यावर वळ आहेत, आणि ती कशी वाचली हे गाव अजून ऐकतं. वाचलेल्या बाईची गोष्ट तिथून पुढे सुरू होते हो, ती अशी निकालात काढायची नसते. म्हणून मला 'नाईटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चा तिसरा पार्ट, १९८७ चा, मनापासून आवडतो. पहिल्यातली नॅन्सी परत येते, दवाखान्यातल्या पोरापोरींना, स्वप्नात येऊन मारणाऱ्या खुन्याशी स्वप्नातच एकमेकांच्या साथीनं लढायला शिकवते. शेवटी जाते ती, पण लढून जाते. खूप रडले होते मी.

*

ताई, अगदी बरोबर. मला 'स्क्रीम'ची पद्धत आवडते, मुखवटा तोच पण आतला माणूस दर पार्टात वेगळा, त्यामुळे संशय घ्यायला नव्यानं सुरुवात. आणि पहिल्या पार्टात वाचलेल्या सिडनीला त्यांनी जपलंय.

*

मले राग येते तो फसवणुकीचा. जेसनचा चौथा पार्ट, १९८४, नावातच शेवटचा म्हणून सांगतलं, आन १९८५ मंदी पाचवा हजर, त्यात मारणारा जेसनच नाही! पण सहावा, १९८६ चा, मी तीनदा पाह्यला. चौथ्यात जेसनले मारणारा टॉमी त्याची कबर खोदते, प्रेतात लोखंडी सळाख खुपसते, तिच्यावर वीज पडते आन प्रेत उठते. आमच्या धुऱ्यावर निंबाखाली वीज पडून बैलजोडी गेली होती, मी आठवीत होतो, जू तसंच मानेवर होतं. तो सीन आला का मी आवाज बंद करतो, पण नजर हटत नाही.