७२चे विभाजक लिहिताना एखादा निसटतोच. मसावि की लसावि हेही ठरत नाही

प्रश्न:
मुलगी सहावीत आहे. विभाजक, विभाज्य यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण ७२चे सगळे विभाजक लिही म्हटलं की ३ नाहीतर २४ राहतोच. शाब्दिक उदाहरणात मसावि (दोन्हींना भाग जाणारी मोठ्यात मोठी संख्या) काढायचा की लसावि (दोन्हींनी भाग जाणारी लहानात लहान संख्या), हे ती अंदाजाने ठरवते. सराव कसा घ्यावा?

प्रतिसाद १:
विभाजक सुटे शोधू देऊ नका, जोडीनेच लिहायला लावा. १×७२, २×३६, ३×२४, ४×१८. ५ने भाग जात नाही. ६×१२. ७ने जात नाही. ८×९. पुढचा ९ आधीच जोडीत आलाय, इथे थांबायचं. दोन्ही अवयव ९ किंवा त्याहून मोठे घेतले तर गुणाकार किमान ८१ होतो, म्हणून नवी जोडी मिळणारच नाही.

मग पडताळा: ७२ = २×२×२×३×३. २ तीनदा, ३ दोनदा. दोन्हींत १ मिळवून गुणा, ४×३ = १२. वहीत अकराच असतील तर एक राहिलाय. ३६ला मात्र ६×६ ही जोडी येते, त्यातला ६ एकदाच मोजायचा, म्हणून विभाजक ९.

५१ आणि ९१ मुद्दाम द्या. दिसायला मूळ संख्या वाटतात, पण ३×१७ आणि ७×१३ आहेत.

प्रतिसाद २:
शाब्दिक उदाहरणात आधी एकच गोष्ट विचारा: उत्तर दिलेल्या संख्यांहून लहान हवं की मोठं? ७२ लाडू आणि ८४ पेढे, सगळ्या डब्यांत सारखेच, काही उरायला नको, जास्तीत जास्त किती डबे? इथे वाटणी आहे, डबे ७२हून जास्त होणं शक्यच नाही. मसावि १२, डब्यात ६ लाडू, ७ पेढे. दोन बस सातला एकत्र सुटल्या, एक दर १२ मिनिटांनी, दुसरी दर १८ मिनिटांनी. पुन्हा एकत्र कधी? १८ मिनिटांच्या आत ते घडणारच नाही. लसावि ३६, म्हणून ७ वाजून ३६ मिनिटांनी.

इथे हमखास १२×१८ = २१६ असं उत्तर येतं. नुसता गुणाकार करून लसावि मिळतो तो संख्या सहमूळ असतील, म्हणजे १ सोडून दोन्हींचा सामाईक विभाजक नसेल तरच, जसं ८ आणि ९. एरवी गुणाकाराला मसाविने भागायचं: २१६÷६ = ३६.

उभ्या मांडणीत आणखी एक घोळ होतो. मसाविसाठी दोन्ही संख्यांना भाग जाईल तोवरच भागायचं. लसाविसाठी एकीलाच जात असला तरी भागत राहायचं, दुसरी तशीच खाली उतरवायची.

प्रश्नकर्ती:
बाकी उरते ती उदाहरणं कशी ओळखायची?

प्रतिसाद २:
१२ आणि १८ने भागल्यावर दोन्ही वेळा ५ उरतात अशी, १८हून मोठी लहानात लहान संख्या: लसावित ५ मिळवा, ४१. उलट प्रकार, २४५ आणि १०२९ला भागल्यावर ५ उरतात अशी मोठ्यात मोठी संख्या: आधी दोन्हींतून ५ वजा करा, मग २४० आणि १०२४चा मसावि, १६. भाजक बाकीपेक्षा मोठा आहे ना, हे शेवटी बघायला लावा. छोटी संख्या विचारली असती तर १, २ आणि ४ इथेच बाद झाले असते.