शब्दचर्चा: चुनखडी, कंकर, कॅल्क्रीट आणि त्यातले जिवाणू

अथणीकर: आमच्याकडं काळ्या रानात विहीर खणताना दोन-तीन हातांवर पांढरा टणक थर लागतो. त्याला सगळे चुनखडीच म्हणतात, कन्नडमध्ये सुण्णद कल्लु. सिमेंटचा दगडही चुनखडीच. या थरावर आणि त्यात सापडलेल्या जिवाणूंवर लेख आहे, त्यात काय लिहावं?

गोकाककर: दोन्ही वेगळं ठेवा. सिमेंटचा तो लोकापूर-बागलकोटकडचा चुनखडक, पाण्याखाली साचलेला. तुमचा थर मातीतच तयार झालेला. पावसाचं पाणी चुना विरघळवून खाली नेतं आणि वाळताना तिथंच सोडतं. सुटे खडे असतील तर कंकर, सलग पाट झाला तर कॅल्क्रीट. बेळगावजवळच्या खानापूरकडं पाऊस इतका की चुना धुऊन जातो. तिथं जांभाच मिळतो. कंकरात माती मिसळलेली असते, म्हणून त्याचा भाजलेला चुना ओलाव्यातही घट्ट होतो. जुने गवंडी हे जाणून होते.

चिकोडीकर: ओळखायला नऊ भाग पाण्यात एक भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घाला (आम्लात पाणी कधीच ओतू नका) आणि खड्यावर दोन थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट, म्हणजे चुन्याचा क्षार, आहे.

अथणीकर: आणि 'प्राचीन जिवाणू' हा शब्दप्रयोग चालेल?

गोकाककर: नाही. 'प्राचीन थरातले जिवाणू' म्हणा. थर हजारो वर्षांचा असला तरी भेगांतून आणि मुळांच्या वाटेनं पाणी आत जातं, त्याबरोबर आजचे जिवाणूही. पुन्हा कार्बोनेट विरघळून नव्यानं बसतं, त्यामुळं थराचं वयही सरमिसळीचंच निघतं.

चिकोडीकर: जिवाणूंसाठी नमुना घेताना ढेकळाचा बाहेरचा भाग टाकून, निर्जंतुक छिन्नीनं गाभा काढायचा. ते वाढवायच्या बी-फोर माध्यमाला (म्हणजे त्यांच्या खाद्याला) लिटरमागं कॅल्शियम ॲसिटेट २.५ ग्रॅम, यीस्ट अर्क ४, ग्लुकोज १०, घट्ट करायला अगर-अगर १८ आणि सामू (pH) ८. जिवाणूंच्या वसाहतींवर कार्बोनेटचे स्फटिक दिसायला आठवडे लागू शकतात, तोवर माध्यमाची ताटली वाळता कामा नये. शेजारी तुलनेला मारलेल्या पेशींची ताटली हवीच. मेलेल्या पेशींच्या भिंतीवरही कॅल्शियम चिकटून स्फटिक धरतात, मग श्रेय जिवंत जिवाणूंना देता येत नाही.

गोकाककर: म्हणून क्रियापदही जपून वापरा. युरिया फोडून सामू वाढवणाऱ्या स्पोरोसार्सिना पाश्चुरी या जिवाणूबद्दल 'कार्बोनेट साचवतो' म्हणता येतं, कारण ते प्रयोगात दिसलंय. तुमच्या थराबद्दल 'जिवाणू सापडले' एवढंच लिहा. 'जिवाणूंनी घडवला' नको.