अमेरिकन मालिका आणि स्काय: ब्रिटिश प्रेक्षकाला काय मिळालं?

थेम्सकाठ:
'लॉस्ट'चे पहिले दोन सीझन चॅनेल फोरवर फुकट दिसले. गोष्ट ऐन रंगात आली आणि २००६ मध्ये तिसरा सीझन स्काय या वर्गणीवर चालणाऱ्या टीव्ही कंपनीच्या स्काय वन वाहिनीने उचलला. '२४' बीबीसीकडून अशीच गेली, पुढे 'मॅड मेन'ही. प्रेक्षक एकाने जमवायचा आणि पैशाच्या जोरावर मालिका दुसऱ्याने न्यायची, हे मला अजिबात पटत नाही.

रिमोटवाली:
करार संपल्यावर जो जास्त देईल त्याला स्टुडिओ विकणारच. आणि सगळं काही फुकट वाहिन्यांनीच आणलं असंही नाही. 'द वेस्ट विंग' ब्रिटनमध्ये आधी स्काय वनवरच लागली. 'गेम ऑफ थ्रोन्स'चं बघा. २०१५ पासून न्यूयॉर्कमध्ये रविवारी रात्री नऊला लागणारा भाग इथे त्याच क्षणी, म्हणजे सोमवारी पहाटे दोनला, स्कायच्याच स्काय अटलांटिक वाहिनीवर यायचा. रेकॉर्डिंग लावून झोपायचं आणि सकाळी कामावर जायच्या आत बघून टाकायचं, नाहीतर ऑफिसात कुणीतरी शेवट फोडणार! पूर्वी आपण महिनोन्‌महिने थांबायचो.

केबलकर:
हे सुख कुणाला? २०१० मध्ये स्कायने 'गेम ऑफ थ्रोन्स' बनवणाऱ्या एचबीओ या अमेरिकन वाहिनीशी पाच वर्षांचा करार केला, तेव्हाच्या बातम्यांनुसार सुमारे १५ कोटी पौंडांचा. १ फेब्रुवारी २०११ ला स्काय अटलांटिक सुरू झालं, पण व्हर्जिन या प्रतिस्पर्धी कंपनीच्या केबलवर ते दिलंच नाही. त्याआधी १ मार्च २००७ ला स्कायच्या वाहिन्यांच्या दरावरून दोन्ही कंपन्यांचं फिस्कटलं, तेव्हा व्हर्जिनवरून स्काय वन गेलं ते थेट नोव्हेंबर २००८ मध्ये परत आलं. '२४'चा सहावा सीझन अर्ध्यावर होता. वर्गणी भरणाऱ्या माणसाचा यात काय दोष?

रिमोटवाली:
२००७ चं भांडण दराचं होतं, त्याला दोन्ही कंपन्या जबाबदार. पण वाहिनी सगळ्यांना दिली, तर लोक स्कायची वर्गणी कशाला भरतील? आणि ती आली नाही तर १५ कोटी आणायचे कुठून?

थेम्सकाठ:
'द वायर' आधी एफएक्स या पैसे भरून बघायच्या वाहिनीवर लागली आणि २००९ मध्ये बीबीसी टूने पाचही सीझन दाखवले. आधी पैसे भरणाऱ्याला, मग सगळ्यांना. 'लॉस्ट'च्या बाबतीत हे का होऊ नये?

रिमोटवाली:
'द वायर'साठी बीबीसीने स्वतः पैसे मोजले. 'लॉस्ट'साठी चॅनेल फोरने हात आखडता घेतला, त्याचं खापर स्कायवर कशाला?