फायनलचे शेवटचे ४ सेकंद: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-२०४: कालच्या मुलींच्या बास्केटबॉल फायनलबद्दल स्पष्ट लिहिते. साइडलाइनवरून बॉल आत आला तेव्हा ४ सेकंद उरले होते. घड्याळ उशिरा सुरू झालं आणि तेवढ्यात समोरच्यांची बास्केट झाली. ते ४ सेकंद पुन्हा खेळवा, एवढीच मागणी आहे.

सी-५०१: ताई, घड्याळावर बसलेला मुलगा नववीतला आहे. रात्री जेवला नाही तो. कृपया त्याचं नाव कुणी इथे घेऊ नका.

बी-२०४: त्याच्यावर राग नाहीच हो. पण निकाल चुकला असेल तर तो तसाच ठेवायचा का?

ए-७०३: मी बरीच वर्षं कोचिंग केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९७२, म्युनिक ऑलिंपिकची फायनल, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. ३ सेकंद उरले असताना डग कॉलिन्सने दोन्ही फ्री थ्रो घातले आणि अमेरिका ५०-४९ ने पुढे गेली. सोव्हिएत खेळाडूंनी बॉल आत टाकला, पण १ सेकंद उरला असताना खेळ थांबला. आम्ही टाइमआउट मागितला होता, असं म्हणत त्यांचे प्रशिक्षक टेबलापाशी आले होते. तेवढ्यात फिबाचे, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेचे, सरचिटणीस विल्यम जोन्स खाली आले आणि ३ सेकंद परत लावा म्हणाले. घड्याळ नीट लावून व्हायच्या आत बॉल दिला गेला. हॉर्न वाजला, अमेरिकन खेळाडू नाचू लागले. पुन्हा थांबवलं, पुन्हा ३ सेकंद. या वेळी सोव्हिएत संघाच्या येदेश्कोने कोर्टाच्या या टोकाहून त्या टोकाला पास टाकला, बेलोवने बास्केट केली. ५१-५०.

डी-४०२: तक्रार नाही केली?

ए-७०३: केली. ज्यूरीने ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. रेफरी रिघेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतलीच नाहीत. केनी डेव्हिसने तर मृत्युपत्रात लिहून ठेवलं की माझ्या वारसांनीही ते घेऊ नये. घड्याळाची चूक कुणाच्याही हातून होते. पण मॅच चालू असताना असा हुकूम द्यायचा अधिकार जोन्स यांना नव्हताच, आणि तो घाव अजून भरलेला नाही. म्हणून ग्रुपवरच्या दबावाने ‘पुन्हा खेळवा’ ठरवायला माझा ठाम विरोध आहे.

बी-२०४: काका, पटतंय. पण आमची कॅप्टन लगेच टेबलाकडे गेली होती. ‘संपलं आता’ म्हणून तिला परत पाठवलं.

ए-७०३: हे मला माहीत नव्हतं. हे चूक झालं, आणि घड्याळापेक्षा मोठी चूक आहे. फिबाच्या नियमात वेळेची चूक रेफरीला स्कोअरशीटवर सही करेपर्यंत सुधारता येते. मॅच संपल्यावर १५ मिनिटांच्या आत कॅप्टन स्कोअरशीटवर सही करून तक्रार नोंदवू शकते. तो तिचा हक्क होता.

डी-४०२: माझ्याकडे शेवटच्या मिनिटाचा व्हिडिओ आहे. बॉल आणि रिंग दोन्ही दिसतात.

ए-७०३: मग पुन्हा खेळवायची गरजच नाही. फक्त एक लक्षात ठेवा: बॉल बाहेरून फेकला तेव्हा नाही, कोर्टातल्या खेळाडूचा हात त्याला लागला तेव्हापासून वेळ मोजायची. तिथपासून बॉल हातातून सुटेपर्यंत ४ सेकंदांपेक्षा जास्त गेले असतील, तर बास्केट रद्द.

सी-५०१: मुलाला काय सांगू?

ए-७०३: त्याला ट्रेंट टकरबद्दल सांगा. १५ जानेवारी १९९०, न्यूयॉर्क, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची मॅच, निक्स विरुद्ध बुल्स. ०.१ सेकंद उरला होता. तेवढ्यात टकरने बॉल पकडला, वळला, ३ पॉइंटचा शॉट मारला आणि निक्स जिंकले. इतक्या कमी वेळात हे शक्यच नाही. एवढ्या मोठ्या लीगमध्येही हे झालं. बुल्सची तक्रार फेटाळली गेली, पण पुढच्या सीझनपासून नियम बदलला. आज ०.३ पेक्षा कमी वेळ असेल तर बॉल पकडून शॉट मारता येत नाही, हवेतच टॅप करावा लागतो. आपण त्याला एकट्याला बसवलं, शेजारी मोठं कुणीच नव्हतं. ती जबाबदारी आम्हा आयोजकांची.

सचिव: स्कोअरशीटवर रेफरींची सही अजून झालेली नाही, आत्ताच विचारलं. रात्री ९ वाजता क्लबहाऊसमध्ये ते व्हिडिओ बघतील. दोन्ही कॅप्टननी यावं, पालकांनी नाही. रेफरी सांगतील तो निकाल. डी-४०२, मूळ फाइल पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरची नको.

बी-२०४: मान्य. कॅप्टनला पाठवते.