मदत हवी आहे: शुक्रवारपर्यंत सही करू का?

प्रेसलाइन७: आमची लाइन परदेशातल्या प्लांटला चालली आहे. चार डाय (प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारे साचे) ग्रीस फासून खोक्यांत भरून झाल्या. एचआरने कागद दिलाय. शुक्रवारपर्यंत सही नाही केली तर जादाची रक्कम मिळणार नाही म्हणे. करू का? लवकर सांगा.

तळटीप: कसला कागद? पर्मनंट की कंत्राटी? किती वर्षं झाली? युनियन आहे का?

रिकामाबेंच: करा सही आणि मोकळे व्हा. मी अडून बसलो, हाती काहीच लागलं नाही. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचं) प्रोग्रॅमिंग शिका, मला त्यानेच तारलं.

तळटीप: न वाचता सही करा असं सांगू नका हो! राजीनामा आणि कपात (कंपनीने कामावरून कमी करणं) यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वतःहून सोडली असं लिहून दिलंत तर कपातीच्या भरपाईवर बऱ्याचदा पाणी सोडावं लागतं.

आकडेमोड: परदेशाच्या नावाने बोटं कशाला मोडायची? नोकऱ्या यंत्रांनी खाल्ल्या.

जुनाफिटर: यंत्रं आधीपासून येतच होती, पण अमेरिकेचं उदाहरण बघा. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला. अमेरिकेत २००० साली कारखान्यांत १.७ कोटींवर माणसं होती, २०१० ला १.१५ कोटींच्या आसपास उरली. असेमोग्लू, ऑटर वगैरे अर्थतज्ज्ञांनी १९९९ ते २०११ मधल्या २० ते २४ लाख नोकऱ्या चिनी आयातीने गेल्याचा अंदाज मांडलाय.

आकडेमोड: मग बाकीच्या गेलेल्या नोकऱ्यांचं काय? २००८ ची मंदी विसरलात?

वाटसरू: पासपोर्ट काढून ठेवा, तिकडे पाठवतील कदाचित.

प्रेसलाइन७: पर्मनंट, १९ वर्षं. युनियन नाही. कागदात 'स्वेच्छेने' असा शब्द आहे. तिकडच्या दोघांना तीन महिने डाय सेटिंग शिकवायचं, असंही आहे त्यात.

तळटीप: अहो, हे आधी सांगायचं! 'स्वेच्छेने' असेल तर सही थांबवा. लेखी मुदतवाढ मागा. शिकवण्याच्या तीन महिन्यांचा पगार वेगळा लिहून घ्या. आणि कामगार कायद्याच्या वकिलाला आजच गाठा.

रिकामाबेंच: खाचाखोचा अजिबात शिकवू नका.

प्रेसलाइन७: डायच्या तिसऱ्या स्टेशनखाली (टप्प्याखाली) पाव मिलिमीटरची पत्ती लागते, ड्रॉइंगमध्ये ती नाही. ती नसली की पार्ट अडकतो आणि ऑपरेटर हात घालून काढायला जातो. एवढं तर मी सांगणारच, हात कोणाचा का असेना. मुदतवाढीचा मेल आत्ताच टाकला. वकिलाला कागदाचा फोटो चालेल की मूळ प्रत न्यावी लागेल?