चांदी की ऑक्साइड? फ्युएल सेलच्या काँटॅक्टवरून

मकरपुरेकर: सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल, म्हणजे इंधन आणि हवेतून थेट वीज काढणारा तापलेला सिरॅमिकचा सेल, म्हटलं की सगळी चर्चा सेलची. सेल आणि त्याला टेकणारी, वीज पुढच्या सेलकडे नेणारी स्टीलची इंटरकनेक्ट प्लेट यांच्यामधल्या थराला कुणी विचारत नाही, आणि वीज बऱ्याचदा तिथेच जिरते. माझं मत सरळ आहे: हवेच्या बाजूला चांदीची पेस्ट लावा. ७५० अंशांवर ती मऊ पडते, खाचखळग्यांत बसते, गंजत नाही. बडोद्यातल्या स्विचगियरवाल्यांचा हात चांदीच्या काँटॅक्टवर बसलेलाच आहे. उगाच नवं शास्त्र कशाला?

दांडियाबाजार: अहो, स्विचचा काँटॅक्ट ठिणगीपुरता तापतो. स्टॅक, म्हणजे सेलांची चळत, ४०,००० तास तापलेला चालावा अशी अपेक्षा असते. ९६२ अंशांना वितळणारी चांदी ७५० वर वाहत्या हवेत हळूहळू उडून जाते. इंधन आणि हवा वेगळी ठेवणाऱ्या सीलपाशी तर एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा. दोन्ही चांदीत मुरतात, आत वाफ धरते आणि धातू पोखरून निघतो. भावाचं तर बोलायलाच नको.

मकरपुरेकर: मग तुमचं ऑक्साइड काय दिवे लावतं? स्ट्रॉन्शियम घातलेल्या लँथॅनम कोबाल्टाइट या ऑक्साइडची पेस्ट वीज झकास नेते, पण तापल्यावर स्टीलच्या दीडपटीहून जास्त फुगते. काही वेळा गार-गरम झालं की प्लेट उचलून बघा: तिच्या निम्म्या फासळ्यांवर (उभार पट्ट्यांवर) थर, निम्म्या कोऱ्या. नीट भाजायला हजाराच्या वर न्यावं, तर काचेचं सील आणि स्टील दोन्ही हातचे जातात.

कलाभवनी: हा मुद्दा खरा, ऑक्साइडवाले इथे मुळी मिठाची गुळणी धरतात. पण वाट आहे. मँगनीज आणि कोबाल्टची धातूभुकटी लावायची. ९०० च्या आसपास हवेत तापली की जागेवरच स्पिनेल, म्हणजे वीज नेणारं मिश्र ऑक्साइड, होतं आणि कण एकमेकांना धरतात. प्रसरणही स्टीलच्या जवळचं. शिवाय क्रोमियम बऱ्यापैकी अडतं. प्लेटच्या स्टीलमध्ये साधारण २२ टक्के क्रोमियम. दमट हवेत त्याची वाफ होते, कॅथोडवर, म्हणजे सेलच्या हवेकडच्या बाजूवर, बसते आणि सेल मंदावत जातो. चांदीच्या सच्छिद्र पेस्टकडून ही राखण होणार नाही.

मकरपुरेकर: कागदावर सगळं छान! प्रोटोटाइप मी चांदीवरच उभा करणार. आधी चालू तर होऊ दे.

दांडियाबाजार: करा की. पण टेस्टला सिलिंडरची कोरडी हवा घेऊ नका, भर जुलैतली बडोद्याची हवा ओढा. आणि रेझिस्टन्स चार तारांनीच (दोन करंटला, दोन व्होल्टेजला) मोजा, नाहीतर तारांचा आकडा काँटॅक्टच्या नावावर मांडाल.